‘बलिदान’ या शब्दाच्या अलीकडे : विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधील झाशीची राणी

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• एकाच ऐतिहासिक व्यक्तीचे चित्रण वेगवेगळ्या काळांत का बदलते ते सांगता येईल.
• ‘माझा प्रवास’ या ग्रंथातील राणी लक्ष्मीबाईंचे चित्रण आणि नंतरच्या गौरवपर लेखनातील चित्रण यांतील फरक दाखवता येईल.
• ‘बलिदान’ हा शब्द वाचताना आणि लिहिताना कोणती काळजी घ्यावी हे समजेल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, हे टिपण बेंगळुरूच्या इंदिरानगरात बसून लिहिले आहे. तुमच्यापैकी काही जण याच परिसरातील वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहून ते वाचत असतील. बाकीचे देशात कोठेही असतील. इंदिरानगर हे नाव इंदिरा गांधींवरून पडले. त्यांचा जन्मदिवस १९ नोव्हेंबर. राणी लक्ष्मीबाईंची जयंतीही परंपरेने याच दिवशी साजरी होते. शाळेत असताना या दिवशी तुम्ही दोघींवर भाषणे ऐकली असतील, कदाचित केलीही असतील. राणीवरच्या भाषणाचा शेवट बहुधा ठरलेला असतो : तिने देशासाठी प्राणांचे बलिदान दिले.

हे वाक्य चुकीचे आहे असे आपल्याला म्हणायचे नाही. पण साहित्याचा विद्यार्थी म्हणून तुम्ही एक प्रश्न विचारला पाहिजे. एखाद्या बाईच्या आयुष्याचे सार तिच्या मृत्यूत सांगितले, की त्या आयुष्यातील कोणत्या गोष्टी आपल्याला दिसेनाशा होतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मराठीत एक उत्तम पुस्तक आहे, ते म्हणजे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा हे गृहस्थ त्या शहरात होते. या घटकात आपण त्यांची राणी आणि नंतरच्या लेखकांची राणी शेजारी शेजारी ठेवून पाहू.

२. आवश्यक तेवढा घटनाक्रम

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका, वडील मोरोपंत तांबे. जन्म काशीचा, जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. झाशीचे संस्थानिक गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचा मुलगा तान्हेपणीच वारला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी दत्तक घेतला होता, तो दामोदरराव. गव्हर्नर जनरल डलहौसीने हे दत्तक मान्य केले नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीला महिना पाच हजार रुपये निवृत्तिवेतन ठरले.

राणीने प्रथम अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरला. जॉन लँग या वकिलाला तिने झाशीला बोलावून घेतले. या भेटीचे वर्णन लँगने पुढे १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात केले आहे. निषेध नोंदवून तूर्त निवृत्तिवेतन घ्यावे, असा सल्ला त्याने दिला. त्यावर पडद्याआडून राणीने आपण झाशी देणार नाही असे ठामपणे सांगितले. येथे थोडे थांबा. चित्रपटांत आणि नाटकांत हे वाक्य तलवार उपसून, घोड्यावरून उच्चारले जाते. लँगच्या हकीगतीत ते एका वकिलाशी चाललेल्या बोलण्यात येते, आणि विषय असतो निवृत्तिवेतनाचा. ते रणगर्जना नव्हते. हक्क सोडायला दिलेला तो नकार होता. हा फरक आपल्या पुढच्या विवेचनात उपयोगी पडेल.

जून १८५७ मध्ये झाशीतील शिपायांनी उठाव केला. ८ जून रोजी जोखनबागेत इंग्रज स्त्री-पुरुष आणि मुले यांची कत्तल झाली. त्यानंतर शिपाई दिल्लीकडे निघून गेले. राणीने कमिशनर अर्स्किनला पत्रे लिहून घडलेला प्रकार कळवला आणि अर्स्किनने कंपनीच्या वतीने कारभार पाहण्यास तिला मान्यता दिली. म्हणजे १८५७ च्या उन्हाळ्यात राणी इंग्रजांशी युद्ध पुकारून बसलेली नव्हती. त्यानंतर तिला पहिली मोठी लढाई करावी लागली ती शेजारच्या ओरछा संस्थानाच्या फौजेशी. इंग्रजांचा तिच्याविषयीचा संशय मात्र वाढत गेला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा १ एप्रिल रोजी बेतवेकाठी पराभव झाला. ३ एप्रिल रोजी इंग्रज फौज शहरात घुसली. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्याबाहेर पडली. पुढे कोंच, काल्पी आणि शेवटी ग्वाल्हेर. १७ जून १८५८ रोजी (काही नोंदींनुसार १८ जून) ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे लढताना तिला मृत्यू आला.

हा क्रम नीट लक्षात ठेवा. झाशी पडणे आणि राणीचा मृत्यू या दोन घटनांमध्ये सुमारे अडीच महिने आहेत. गौरवपर लेखनात हे अडीच महिने बहुधा दोन-तीन वाक्यांत संपतात.

३. तीन शब्द : बलिदान, हौतात्म्य, वीरमरण

मराठीत अशा मृत्यूसाठी तीन शब्द सहज वापरले जातात. परीक्षेत आपण ते एकमेकांच्या जागी टाकतो, पण त्यांचे अर्थ सारखे नाहीत.

‘वीरमरण’ हा शब्द लढाईतील मृत्यूपुरता आहे. कोण, कोणाशी, कशासाठी लढले हे तो सांगत नाही. ‘हौतात्म्य’ या शब्दात आहुती आहे. ज्याने आपला आत्मा होमात टाकला तो हुतात्मा. येथे कर्ता तरी स्पष्ट आहे. ‘बलिदान’ या शब्दात मात्र थोडी गोम आहे. बळी देणारा वेगळा असतो आणि बळी जाणारा वेगळा. बळी जाणाऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून ‘तिने बलिदान दिले’ असे आपण म्हणतो तेव्हा वाक्यात ती कर्ता असते, पण शब्दाच्या पोटात ती वेदीवर ठेवलेली असते.

स्त्रीच्या बाबतीत हा शब्द अधिकच सहज येतो, कारण घरातही तिच्याकडून त्यागाचीच अपेक्षा असते. आईने मुलासाठी सोसावे, पत्नीने पतीसाठी सोसावे, आणि राणीने देशासाठी मरावे, अशी एक ओळ नकळत तयार होते. पुरुष सेनापती पडला तर आपण त्याचे डावपेच, त्याच्या चुका, त्याची माणसे यांची चर्चा करतो. तात्या टोप्यांविषयीचे लेखन चाळून पाहा. राणी पडली की आपण तिच्या त्यागापुढे नतमस्तक होतो आणि चर्चा संपते. आदराने दिलेला मानही कधी कधी एखाद्या माणसाची बुद्धी झाकून टाकतो. आता विष्णुभटांकडे वळू.

४. विष्णुभट : पैसे मिळवायला निघालेला साक्षीदार

विष्णुभट गोडसे हे कोकणातील पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक ब्राह्मण. घरी कर्ज होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असे कळल्यावर काका रामभट यांच्याबरोबर ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. वाटेत उठाव सुरू झाल्याचे कळले. तरी ते मागे फिरले नाहीत. फिरत फिरत झाशीला पोहोचले, तेथे राणीच्या आश्रयाने राहिले आणि वेढ्यात सापडले. शहर पडले तेव्हा लपूनछपून जीव वाचवला. मिळवलेले बहुतेक सगळे लुटले गेले. शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

ही हकीगत त्यांनी बऱ्याच वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहून काढली. इंग्रजी राज्यात असे पुस्तक छापणे सोपे नव्हते. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये वैद्यांनी ते प्रसिद्ध केले. पण भाषेत आणि रचनेत फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली. तुम्ही ग्रंथालयात हे पुस्तक मागाल तेव्हा कोणती आवृत्ती हाती आली आहे हे आधी पाहा. एकाच नावाखाली दोन वेगळ्या प्रकारचे मराठी गद्य तुम्हाला भेटेल.

साक्षीदार म्हणून विष्णुभटांचे मोल कशात आहे? ते देशभक्तीचे पुस्तक लिहीत नव्हते. त्यांना कोणाला प्रेरणा द्यायची नव्हती. दक्षिणा किती मिळाली, जेवण कसे होते, कोणत्या वाड्यात निजायला जागा मिळाली, या गोष्टी ते मनापासून सांगतात. अशा माणसाच्या नजरेला राणी दिसते तेव्हा ती पुतळा म्हणून दिसत नाही. सकाळचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, स्नान, पूजा, दुपारचा दरबार, असा तिचा दिवस ते सांगतात. कधी ती पांढऱ्या साडीत असे, कधी पायजमा, अंगरखा, डोक्याला टोपी-फेटा आणि कमरेला तलवार अशा पुरुषी वेषात दरबारात येई. वेढा पडायच्या सुमारासही चैत्रातले हळदीकुंकू झाले, हेही ते लिहून ठेवतात.

वेषाच्या या वर्णनाकडे नीट पाहा. पुढच्या काळात राणीचा पुरुषी वेष हे तिच्या असामान्यत्वाचे चिन्ह झाले. ती पुरुषासारखी लढली, असे कौतुकाने सांगितले जाऊ लागले. बंडवाल्यांत हा एकच पुरुष होता, अशा अर्थाचे उद्गार तर खुद्द ह्यू रोजच्या नावावर सांगितले जातात. म्हणजे शत्रू आणि भक्त दोघांनीही शौर्य हे पुरुषाचेच धरले आणि राणीला त्यात अपवाद म्हणून बसवले. विष्णुभटांना असे काही सुचत नाही. त्यांच्या लेखनात दोन्ही वेष एकाच बाईचे आहेत, कामाप्रमाणे बदलणारे. साडी नेसून ती कमी राणी होत नाही आणि पायजमा घालून ती पुरुष होत नाही. परंपरेत वाढलेल्या एका भिक्षुकाला जे सहज पाहता आले, ते सुशिक्षित चरित्रकारांना अवघड गेले.

५. नाकारलेले मरण

आता या पुस्तकातील दोन प्रसंग घेऊ. आपल्या विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रसंग झाशी पडल्यानंतरचा. इंग्रज फौज शहरात घुसली आहे. कत्तल सुरू आहे, घरे जळत आहेत. विष्णुभट या कत्तलीला ‘बिजन’ हा शब्द वापरतात. वाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाशही ते हळहळून नोंदवतात. किल्ल्यावरून राणी हे सारे पाहते आणि खचते. दारूगोळ्याला आग लावून तेथेच स्वतःचा शेवट करावा, असे ती बोलून दाखवते. तेव्हा एक वृद्ध सरदार तिला समजावतो. आत्महत्या हे पाप आहे; रात्री वेढा फोडून बाहेर पडावे, लढताना मरण आले तर ते वेगळे. राणी ते ऐकते आणि निघते.

या प्रसंगावर आपण थोडा विचार करू. ज्याला आपण बलिदान म्हणतो त्याचे सर्वांत शुद्ध रूप या क्षणी राणीच्या हाताशी होते. जळत्या शहरात, किल्ल्याच्या माथ्यावर, स्वतःच्या हाताने लावलेली आग. एखाद्या कवीला याहून चांगला शेवट मिळाला नसता. राजस्थानातील जोहाराच्या कथांशी त्याचे नातेही सहज जोडले गेले असते. पण राणीने तो शेवट नाकारला. दत्तक मुलाला बरोबर घेऊन ती रात्रीच्या अंधारात बाहेर पडली. तिने मरण निवडले नाही. लढाई चालू ठेवणे निवडले. पुढे मरण आले ते लढाईच्या ओघात आले.

येथे समीक्षक म्हणून एक सावधगिरी घ्यायला हवी. विष्णुभट त्या वेळी शहरात लपलेले होते. किल्ल्यावर राणीजवळ नव्हते. तेव्हा हा संवाद त्यांनी नंतर कोणाकडून तरी ऐकलेला असणार. ग्वाल्हेरच्या शेवटच्या लढाईची हकीगतही त्यांनी ऐकूनच लिहिली आहे. म्हणून ‘राणी नेमके असेच बोलली’ असे आपण म्हणू नये. पण तिच्या काळातल्या, तिच्या परिसरातल्या माणसांमध्ये तिची जी गोष्ट फिरत होती, तिच्यात हा नकार होता, एवढे नक्की म्हणता येते. त्या माणसांना तिचे मोठेपण न मरण्यात दिसले होते. ही गोष्ट पुढच्या लेखनात मागे पडली.

६. विहिरीवरची भेट

दुसरा प्रसंग काल्पीच्या वाटेवरचा, आणि हा मात्र विष्णुभटांनी स्वतः अनुभवलेला म्हणून सांगितला आहे. सर्वस्व लुटले गेलेले काका-पुतणे रस्त्याने चालले आहेत. एका विहिरीवर पाणी काढत असताना काही स्वार येतात. त्यांत धुळीने माखलेली, पुरुषी वेषातली राणी असते. ती थकलेली आहे, तहानलेली आहे. विष्णुभट तिला ओळखतात आणि पाणी काढून द्यायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावे हे तिला पटत नाही. ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. मग ती थोडे बोलते. आपण विधवा, अर्धा शेर तांदूळ मिळाले तरी आपले भागले असते, धर्माच्या अभिमानाने हे काम अंगावर घेतले, पण दैवाने यश दिले नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. थोड्या वेळात स्वार निघून जातात.

मराठी गद्यात विजयाचे आणि पराभवाचे प्रसंग पुष्कळ आहेत. पराभूत माणूस तहानलेला असतो हे सांगणारे कमी. या प्रसंगात तीन गोष्टी पाहा.

एक, अर्ध्या शेराचा हिशेब. त्या काळी विधवेच्या वाट्याला काय येत असे याचा तो अचूक आकडा आहे. राणीला आपल्यापुढे असलेला दुसरा मार्ग नीट माहीत होता. पाच हजारांचे निवृत्तिवेतन हे त्याच अर्ध्या शेराचे मोठे रूप होते. तिने जे केले ते दुसरा मार्ग नव्हता म्हणून केले असे नाही. म्हणूनच त्याला निर्णय म्हणायचे.

दोन, तिने सांगितलेले कारण. ती ‘देश’ हा शब्द आजच्या अर्थाने वापरत नाही; तिच्या बोलण्यात धर्माचा अभिमान आहे, झाशीचा हक्क आहे. आपण तिला देशभक्त म्हणतो तो आपल्या काळाचा शब्द आहे. तो वापरायला हरकत नाही, पण तो तिच्या तोंडी घालू नये. १८५७ मध्ये लोक ज्यासाठी लढले त्यात राज्य, जात, धर्म, रोजगार, अपमान, दत्तकाचा हक्क असे अनेक धागे होते. त्या सर्वांना ‘स्वातंत्र्य’ हे एक नाव पुढे मिळाले.

तीन, निराशा. राणी येथे हरलेली आहे आणि तसे म्हणते आहे. तरीही ती काल्पीकडे जाते, आणि पुढे ग्वाल्हेर घेण्यातही सामील होते. यशाची खात्री असताना धैर्य दाखवणे सोपे असते. विहिरीवर पाणी पिणारी ही बाई खात्री नसताना पुढे जाते आहे.

७. नंतरच्या राण्या

विष्णुभटांचे पुस्तक छापले जाण्यापूर्वीच, १८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणीचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. इंग्रजी राज्यात, इंग्रजी आक्षेपांना उत्तर देत लिहिलेले हे चरित्र आहे. जोखनबागेच्या कत्तलीचा डाग राणीवर लागला होता. तिचा त्यात हात नव्हता हे दाखवणे पारसनीसांना फार आवश्यक वाटले. त्यामुळे त्यांची राणी पुष्कळदा आरोपीच्या पिंजऱ्यातील निर्दोष स्त्री वाटते. तिने काय केले यापेक्षा काय केले नाही यावर भर पडतो. त्या काळाची गरज लक्षात घेतली तर हा दोष समजण्यासारखा आहे. आणि या चरित्रासाठी त्यांनी केलेला साधनांचा शोध आजही उपयोगी आहे.

विनायक दामोदर सावरकरांनी १८५७ च्या घटनेला स्वातंत्र्यसमर म्हटले. १९०९ मध्ये त्यांच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती निघाली. सरकारने त्यावर आधीच बंदी घातली होती. येथे राणीला बचावाची गरज उरली नाही. ती आता राष्ट्राच्या युद्धातील सेनानी झाली. तिला मोठा अर्थ मिळाला. मात्र अर्स्किनला लिहिलेली पत्रे, ओरछ्याशी झालेली लढाई, शेवटपर्यंत न सुटलेली द्विधा हे सारे या मोठ्या अर्थात नीट बसत नाही.

कवितेने तिला आणखी वेगळे रूप दिले. भा. रा. तांबे यांची ग्वाल्हेरच्या समाधीवरील कविता वाटसरूला थांबायला आणि दोन अश्रू ढाळायला सांगते. सुभद्राकुमारी चौहान यांची हिंदी कविता तर देशभरातील मुलांना पाठ असते. या कवितांनी राणीला घराघरांत नेले, हे त्यांचे काम मोठे आहे. पण समाधी हे ज्या कवितेचे स्थान आहे, ती कविता मृत्यूपासून सुरू होणार हे उघड आहे.

मृत्यूपासून सुरुवात न करणारी दोन उदाहरणे देतो. महाश्वेता देवींनी आपले पहिलेच पुस्तक, १९५६ मधील बंगाली ‘झाँसीर रानी’, लिहिण्यासाठी झाशीच्या परिसरात जाऊन लोकांच्या तोंडच्या आठवणी गोळा केल्या. कागदपत्रांत न सापडणारी राणी त्यांनी लोकांच्या बोलण्यात शोधली. दुसरे उदाहरण साहित्याबाहेरचे. १९४३ मध्ये सिंगापुरात सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण उभी केली आणि तिला राणी झाशीचे नाव दिले. तिचे नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन, म्हणजे पुढच्या लक्ष्मी सहगल यांच्याकडे होते. त्या पलटणीत मलायातील रबराच्या मळ्यांत काम करणाऱ्या कुटुंबांतल्या अनेक तमिळ मुली होत्या. भारत कधी न पाहिलेल्या मुलीही त्यांत होत्या. त्यांनी राणीपुढे अश्रू ढाळले नाहीत. बंदूक चालवायला शिकल्या. एखाद्या स्मृतीचा असाही उपयोग होतो.

८. ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत

विष्णुभटांची नजर स्वच्छ आहे, पण ती सर्वत्र पोहोचत नाही. ते ब्राह्मणवस्तीत राहतात, ब्राह्मणांच्या पंगतीत जेवतात आणि तेथूनच जग पाहतात. झाशीच्या वेढ्यात तटावर, तोफांजवळ स्त्रिया काम करत होत्या, दारूगोळा वाहून नेत होत्या, असे इंग्रज फौजेतील माणसांनी नोंदवले आहे. त्या स्त्रिया कोण होत्या? त्यांची नावे इंग्रजांनी लिहिली नाहीत आणि आपल्या लोकांनीही लिहिली नाहीत. राणीबरोबर शेवटपर्यंत असलेल्या म्हणून मुंदर, काशी अशी एक-दोन नावे परंपरेत टिकली.

ही रिकामी जागा पुढे लोकस्मृतीने भरली. कोरी समाजातील झलकारीबाईने राणीचा वेष घेऊन इंग्रजांना झुलवले, ही कथा बुंदेलखंडात सांगितली जाते. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ मधील हिंदी कादंबरीत तिला स्थान मिळाले. उत्तर भारतातील दलित समाजाने तिला आपली वीरांगना मानले. २००१ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले. अभ्यासक बद्री नारायण यांनी अशा वीरांगनांच्या स्मृतीचे आजच्या राजकारणातील स्थान सविस्तर तपासले आहे. झलकारीच्या कथेतील प्रत्येक तपशील कागदपत्रांनी सिद्ध होत नाही, म्हणून काही जण ती बाजूला सारतात. पण लक्षात घ्या, राणीच्या गोष्टीतील अनेक आवडते तपशीलही ऐकीवच आहेत. ते आपण सहज मान्य करतो. दोघींना एकच कसोटी लावा. आणि झलकारीची कथा खरी किती हा प्रश्न विचारताना, तटावर दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रिया मात्र नक्की होत्या, हे विसरू नका.

‘बलिदान’ या शब्दाची ही दुसरी अडचण आहे. तो एका मृत्यूवर सगळा प्रकाश टाकतो आणि शेजारचे मृत्यू अंधारात जातात.

९. इंदिरानगरहून मॅजेस्टिकपर्यंत

हा विषय केवळ झाशीचा नाही. इंदिरानगर स्थानकावरून पर्पल लाइनची मेट्रो पकडून मॅजेस्टिकच्या पुढे गेलात, की क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा रेल्वे स्थानक येते. बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्थानकालाही हेच नाव आहे. तिकिटावर त्याचे ‘केएसआर’ एवढेच उरते. हा रायण्णा कित्तूरच्या राणी चन्नम्माचा माणूस. कित्तूर आजच्या बेळगावी जिल्ह्यात, कन्नड आणि मराठी दोन्ही बोलल्या जाणाऱ्या मुलखात येते.

कित्तूरची कहाणी झाशीच्या तीस वर्षे आधीची आहे आणि कारण तेच : दत्तक नामंजूर. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या सैन्याने कंपनीच्या फौजेला हरवले. त्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात कंपनीने मोठी फौज आणून किल्ला घेतला. चन्नम्मा कैद झाली आणि बैलहोंगलच्या कैदेतच १८२९ मध्ये वारली. रायण्णाने नंतर पुन्हा उठाव केला. १८३१ मध्ये नंदगड येथे त्याला फाशी झाली.

आता चन्नम्माच्या आयुष्याला ‘बलिदान’ हा शब्द लावून पाहा. तो नीट बसत नाही. तिला रणांगणावर मरण आले नाही. तिच्या वाट्याला चार वर्षांहून अधिक काळाची कैद आली. तलवार उगारलेली चन्नम्मा तुम्ही पुतळ्यांत पाहिली असेल. कोठडीत बसलेली पाहिली आहे का? आपल्या स्मृतीला कैदेचे लांब, निमूट दिवस सांभाळता येत नाहीत. पण स्वातंत्र्यासाठी बायकांनी जे सोसले त्याचा मोठा भाग असाच होता : तुरुंग, जप्ती, फरारी माणसाला लपवणे, घर एकटीने चालवणे. त्याला चबुतरा मिळत नाही.

१०. समारोप

या घटकात आपण पाहिले की ‘माझा प्रवास’मधील राणी ही निर्णय घेणारी बाई आहे. ती निवृत्तिवेतन नाकारते, पत्रे लिहिते, दरबार चालवते, वेढ्यात शहर सांभाळते, जळत्या किल्ल्यात मरण नाकारते, हरल्याचे कबूल करते आणि तरी पुढे जाते. पारसनीसांनी तिला निर्दोष ठरवले, सावरकरांनी सेनानी केले, कवींनी वंदनीय केले. यांतले काहीच खोटे नाही. प्रत्येकाने आपल्या काळाला हवी ती राणी लिहिली. भिक्षुक विष्णुभटांना मात्र राणी कशी हवी याचे काही देणेघेणे नव्हते, म्हणून त्यांच्या पुस्तकात ती सर्वांत मोकळी आहे.

मग ‘बलिदान’ हा शब्द टाकून द्यावा का? तसे नाही. तिचा प्राण गेला, वडील मोरोपंत फाशी गेले, दामोदररावांना राज्य कधीच परत मिळाले नाही. ही किंमत मोठी होती आणि तिच्यासाठी आदराचा शब्द हवाच. पण तो शब्द उत्तराच्या शेवटी लिहा, सुरुवातीला नको. आधी तिने काय काय ठरवले ते लिहा, कोणाच्या मदतीने ठरवले ते लिहा, कोठे ती चुकली किंवा अडली ते लिहा. इतके लिहून झाल्यावर शेवटच्या वाक्यात ‘बलिदान’ आले, तर वाचणाऱ्याला कळेल की ज्या बाईचा प्राण गेला तिला जगायचे होते.

स्वाध्याय

१. ‘माझा प्रवास’मधील विहिरीवरचा प्रसंग वाचा. त्यातील राणीचे बोलणे आणि तुम्हाला शाळेत शिकवलेली राणी यांची तुलना सुमारे ३०० शब्दांत करा.
२. ‘पुरुषासारखी लढली’ या प्रशंसेतील गृहीतक कोणते? तुमच्या भाषेतील एखादे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
३. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांत विष्णुभट फरक करतात का? दोन प्रसंगांच्या आधारे लिहा.
४. तुमच्या गावातील किंवा शहरातील एखादा रस्ता, चौक किंवा स्थानक स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रीच्या नावाने आहे का? असल्यास तिच्या आयुष्यातील कोणता भाग त्या नावामुळे लोकांच्या लक्षात राहिला आणि कोणता विसरला गेला, याची माहिती घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून टिपण तयार करा.